त्या पायांना वाट कुणी सांगितली?

मोहाडी, मंगळवार संध्याकाळ

लेक जन्मल्यापासून छातीला लागतच नव्हती. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजत होते. आज शेवटी आई डब्याचं दूध आणायला निघाली, तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या आणि आई थांबली. त्यांनी मला मागं रेलून बसवलं आणि लेकीला माझ्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं. मी तिला वर ओढू लागले, तर म्हणाल्या, "थांब वो, ओढू नको. तिले शोधू दे."

तिचे ते पाय! इवल्याशा टाचा रेटत वर सरकली आणि चक्क पिऊ लागली. मला रडूच आलं. पण त्या पायांना कसं कळलं? सिस्टरनाच विचारलं.

त्या हसल्या. "मलेही नाही समजलं अजून. म्हणून तर प्रत्येक बाळाले पाहत बसते."

मग आम्ही तिघीही पाहत बसलो.