धीर कोणी कोणाला द्यायचा

ती. बाबांना लेकीचा वाकून नमस्कार, आणि आईला गळामिठी.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, हे आईला आवर्जून सांगा. तिचा गुडघा काय म्हणतो?

हृदयाच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या छातीवरचे केस काढायचं काम आमच्या वॉर्डात माझ्याकडे असतं. तेव्हाच सगळे जास्त घाबरतात. "घाबरू नका" म्हटलं की आणखीच पांढरे पडतात, म्हणून मी त्यांच्याशी घरच्या गप्पा काढते.

काल एक न्हावीकाका होते. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी रेझर लावला तसे एकदम म्हणाले, "पोरी, हात का थरथरतोय? माझा असा थरथरला असता, तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं!"

मी हसले, आणि हसता हसता रडलेच. तुमच्याही अशाच ऑपरेशनची तारीख ठरल्याचं दादाने परवाच कळवलं होतं. तसं सांगितल्यावर काकांनी माझ्या हातातून रेझर काढून घेतला, स्वतःची छाती स्वतःच चकाचक केली आणि वर मलाच समजावलं, "अगं, काही होत नाही. मी आधी जातोय ना, बघून सांगतो."

आज शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "बापाला सांग, जमण्यासारखं आहे."

तुम्हाला मुळीच भीती वाटत नाही, असं दादा म्हणतो. बरं झालं. मी रविवारी येतेय आणि मला फार भीती वाटतेय. मला धीर द्यायचं काम तुमचं.

तुमचीच भित्री,
ठमी