जेवून उठलेली बाई

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, मी शाळेतल्या कविता म्हणत जिना चढतो.

काल सूनबाईने मला सिनेमाला नेलं. आपल्या गावात गरिबीवरचा मराठी सिनेमा काढायला मंडळी आली होती आणि म्हातारीच्या कामाला त्यांनी तुलाच धरलं, हे तू कळवलंही नाहीस. पडद्यावर आमची मुंगी घराएवढी! शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं, ही माझी धाकटी बहीण. त्याने मला गप्प बसायला सांगितलं.

ओढ्याकाठची वाट दिसली आणि जीव कसा हलका झाला. पण मग तो प्रसंग आला. दारात पाहुणा दिसताच तू हात धुतेस, पदराने तोंड टिपतेस आणि काडीने दात कोरत बाहेर येतेस, आताच जेवून उठल्यासारखी. लोक हसले. मला हसू आलं नाही. चूल पेटली नसली की आई हेच करायची. सिनेमावाल्यांना हे कुणी सांगितलं?

उत्तर धाड. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

१० फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुला वाट दिसली, वाटेतले खड्डे नाही दिसले. कविता घोकून घोकून तुझी नजरच तशी झालीय.

काडीचं म्हणशील तर ते सगळं दिग्दर्शकाने शिकवलं. असं बसा, अशा उठा. बाकीच्यांच्या तोंडाला काळं फासून त्यांना गरीब करायचे. मला म्हणाले, तुम्हाला गरज नाही. मी आपली खूश.

शिवणकाम बरं चाललंय. दोन्ही वेळा पोटभर जेवते. उगीच घोर लावून घेऊ नकोस. सूनबाईंना आशीर्वाद. माया असू दे.

मुंगी

२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद. मी पुन्हा सिनेमाला गेलो. खेळ संपल्यावर दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलायला आला होता. मी त्याला काडीचं विचारलं. तो म्हणाला, आजोबा, ते आम्ही लिहिलंच नव्हतं. चित्रीकरण त्यांच्याच घरी चालू होतं. दुपारच्या सुट्टीत आमचा माणूस त्यांना जेवलात का म्हणून विचारायला गेला आणि कॅमेरा चालू राहिला होता. बाईंना ठाऊकही नव्हतं. फार सुंदर झालं म्हणून आम्ही ठेवून दिलं.

मी तिथल्याच पायरीवर बसलो. सूनबाई पाणी घेऊन आली, मला पिववेना.

रागावण्याचं त्राण नाही उरलं. दात कोरून पोट भरत नाही, एवढंच लिहितो. खिडकीजवळची खोली रिकामी आहे. आत्यांना बोलवा, असं सूनबाई आपणहून म्हणाली. ये.

दादा

२ मार्च

ती. दादास,

सा. न. तू विचारूनच आलास, आता काय लपवू.

डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून सुईत दोरा जात नाही. शिवण सुटलं. त्या दुपारी घरात काही नव्हतं. तो पोरगा दारात आला आणि हात आपसूक काडीकडे गेला. विचार केला असता तर जमलं नसतं.

साऱ्या जगाने पाहिलं, चालेल. त्यांना वाटलं बाई काम झकास करते. तू पाहिलंस, ते लागलं. म्हणून खोटं लिहिलं. आता खोटं रेटायचाही कंटाळा आलाय.

रविवारच्या गाडीने येते. शेजारपाजारी सिनेमातली बहीण म्हणून मला मिरवू नकोस. आणि सूनबाईंना सांग, पहिल्या दिवशी माझं ताट आत वाढा. तू समोर बसू नकोस, कविता म्हणायलासुद्धा नाही. मी किती जेवते ते मलाच ठाऊक नाही रे. ते आधी मला एकटीला पाहू दे.

बाकी भेटीत.

मुंगी