ट्वायलाची कंपनी की कर्टिसची

३ मे २००६, बुधवार. यॉर्क, नेब्रास्का

ट्रकस्टॉपच्या दारात दोघांनी आज मला पुन्हा गाठलं. डाव्या टेबलाशी ट्वायला, उजव्या टेबलाशी कर्टिस. दोघंही उपग्रहावरचा रेडिओ विकतात, कंपन्या वेगळ्या. मधे सुकवलेल्या मांसाच्या पाकिटांचा स्टँड, तो नसता तर एव्हाना मारामारी झाली असती.

कर्टिस म्हणाला, "व्हर्ना, डेल्मरची वर्गणी जूनमध्ये संपतेय. आत्ताच नवी करून टाक. नाहीतर ऐन मोसमात बेसबॉलचे सामने बंद पडतील."

"सामने तिचा नवरा ऐकायचा रे," ट्वायला तिकडून. "तिला काय त्यात? व्हर्ना, आमच्याकडे दिवसभर पुस्तकं वाचून दाखवतात. आख्खीच्या आख्खी."

"आमच्याकडेही पुस्तकं आहेत."

"आहेत ना. अर्धा तास. तेही रविवारी, पाद्री दमल्यावर."

मी म्हटलं, बघते. ट्वायला म्हणाली, मग दोन्ही घे. एका गाडीत दोन नवरे ठेवल्यासारखं होईल, म्हटलं. कर्टिस इतका हसला की टोपी पडली.

दिवसभर असे भांडतात आणि जेवायला एकाच टेबलाशी बसतात, माल उघडा टाकून. आज ट्वायला जागेवर नसताना कर्टिसने तिचा एक रेडिओचा डबा विकून दिला. मी पाहिलं. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

४ मे

शायेनपर्यंत समोरून वारा. ट्रकमध्ये सामना लावून ठेवला. काही कळलं नाही. बंदही केला नाही.

९ मे, मंगळवार

आज कधी नव्हे ते घडलं. माझा फाटा चुकला. कुणी गाडी मधे घातली नाही, धुकं नव्हतं, झोप नव्हती. गोष्टीपायी चुकला.

आयडाहोहून कांदे भरून येत होते, कर्नीला उतरवायचे. कॅन्सस सिटीचा सामना पावसाने थांबला म्हणून डेल्मरचा डबा बंद केला. डब्यातला आवाज गाडीच्या साध्या रेडिओवर बिनतारी उतरतो, काट्याच्या अगदी खालच्या टोकाला. तो साधा रेडिओ तसाच चालू राहिला, नुसता खरखरत. तेवढ्यात एक हिरवा ट्रेलर मागून पुढे गेला आणि खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला. वाचत होती. त्याच्या डब्यातून सांडलेलं माझ्या गाडीत येत होतं! थांब्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या गाड्यांचं असं होतं, ठाऊक आहे. धावत्या गाडीत इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं.

गोष्ट दीपगृहाच्या राखणदारणीची. वादळात दिव्याची काच फुटलेली, आणि समोर बोट. ती दिव्याभोवती स्वतःचा झगा धरून उभी. वाचणारीने आवाज जरासुद्धा चढवला नाही. मला वाटतं म्हणूनच अंगावर काटा आला.

ट्रेलर दूर गेला की खरखर. जवळ गेले की राखणदारीण. मी चिकटून राहिले. कर्नीचा फाटा आला, बोट खडकाला लागणार होती. मी वळायचा दिवा लावला. मी दिवा विझवला. सरळ गेले.

पुढच्या फाट्यावरून वळून गोदामात पोचले तर हॉलिस दारात उभा. "काय गं बाई, कांदे रडायला लागले इथे तुझी वाट बघून."

"गोष्ट ऐकत होते."

"कसली?"

"दिव्याची."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि सही करायला पेन दिलं. डेल्मर गेल्यापासून लोक मला जास्त प्रश्न विचारत नाहीत.

१० मे

बोट वाचली की नाही?

ट्रकस्टॉपवर पूर्वी पुस्तकांच्या कॅसेटी भाड्याने मिळायच्या. ओमाहाला घ्यायची, सॉल्ट लेकला परत करायची. मी आठवीत शाळा सोडली होती. डेल्मर गाडी चालवायचा, मी शेजारी कॅसेट ऐकत तेच पुस्तक मांडीवर धरून ओळीवर बोट फिरवायची. अशी वाचायला लागले, खरं वाचायला. माणसाचा आवाज पुढे आणि मी त्याच्या मागे. काल तेच झालं की, फक्त पुढे ट्रेलर होता.

१७ मे, बुधवार. बिग स्प्रिंग्ज

हिरवा ट्रेलर डिझेलच्या रांगेत! मालक ऑर्व्हल नावाचा, सत्तरीचा, पँटला पट्टा आणि खांद्यावरून वेगळे पट्टे, दोन्ही. मी जवळ गेले तर तोच म्हणाला, "तूच ना ती कांदेवाली? माझ्या शेपटाला चिकटलेली?"

मी माफी मागायला लागले. "अगं थांब," म्हणाला. "आरशात बघितलं मी. दिवा लावलास आणि विझवलास. म्हटलं, बाईला गोष्ट लागलीय. मग मी वेग कमी केला."

मैलावर पैसे मिळतात आम्हाला. न पाहिलेल्या बाईसाठी हा माणूस हळू चालला. मी त्याला पायचा तुकडा घेऊन दिला, रुबार्बच्या आंबटगोड सारणाचा.

"शेवट सांगू का?" तो.

"सांगितलास तर तुला चाकाखाली घेईन."

"मग ट्वायलाकडे जा. पुस्तकं तिच्याच कंपनीची. पुढच्या महिन्यात तीच गोष्ट पुन्हा लावणार आहेत."

सोपं आहे सगळं. तरी मी गेले नाही.

२१ मे, रविवार. घरी, ग्रँड आयलंड

का गेले नाही ते आज लिहून टाकते.

सप्टेंबरातला रविवार होता. जेवण करून शायेनहून निघालो. गाडी माझ्या हातात. डेल्मर मागे पडद्याआडच्या बिछान्यावर आडवा झाला, सामना लावून. त्याला सामन्याशिवाय झोप नसे. आणि झोपेतही, रेडिओ बंद केला की लगेच जागा व्हायचा. "अगं, ऐकतोय मी." जोडीने गाडी चालवणारं कुठलंही जोडपं हे सांगेल. झोपलेल्या माणसाला हलवायचं नाही, रेडिओ बंद करायचा.

नॉर्थ प्लॅटला डिझेलसाठी थांबले. सामना संपलेलाच होता. रेडिओ बंद केला.

तो बोलला नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेला, काही कळलं नसेल, झाले असतील काही तास. काही तास! त्या सगळ्या वाटेवर मी बोलत होते. मागे वळून, पडद्याशी. छताचे पत्रे, माझ्या बहिणीचा नवरा, आभाळ, काय काय. तो कधी उत्तर द्यायचा, कधी नाही, त्यामुळे मला काही वाटलं नाही. मी कुणाशी बोलत होते? कुठल्या गावापासून मी एकटीच बोलत होते? रोज त्याच रस्त्याने जाते आणि प्रत्येक पुलाला विचारते.

म्हणून कर्टिसची कंपनी सोडवत नाही. तो आवाज चालू आहे तोवर त्या रविवारचा रेडिओ मी अजून बंद केलेला नाही, असं काहीसं. वेडेपणा आहे. लिहिल्यावर अजूनच दिसतो.

सासूबाईंना विचारावं असं कधी कधी वाटतं. काय विचारणार? त्या विल्बर गावी एकट्या राहतात, एकोणनव्वद वर्षांच्या, अजून खसखशीचे कोलाचे, ते चेक गोड पाव, स्वतः लाटतात. पोरगा शेती सोडून ट्रकवर चढला तो माझ्यामुळे, हे त्यांनी लग्नात तोंडावर सांगितलं होतं, चेक भाषेत, आणि मग मला कळावं म्हणून इंग्रजीत. मातीच्या दिवसानंतर फोन नाही. त्यांचा नाही, माझाही नाही.

२६ मे, शुक्रवार

केलं.

कर्टिसच्या कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलणारी. तीन महिने फुकट देते म्हणाली. नको म्हटलं. नवरा वारलाय म्हटलं. तिचा आवाज खरोखर बदलला, पाठ केलेला नव्हता.

"या खात्यावर दोन रेडिओ आहेत, मिसेस कुचेरा. दोन्ही बंद करू का?"

दुसरा आधीच्या गाडीतला असणार. ती गाडी विकून टाकली केव्हाच. दोन्ही, म्हटलं.

संध्याकाळी ट्वायलाने नवा डबा स्वतः बसवून दिला, अँटेना कुठे चिकटवायची ते शिडीवर चढून. कर्टिस शिडी धरून उभा. "सोड तिला," ट्वायला वरून म्हणाली, "हरलास तू." "शिडी सोडू?" कर्टिस म्हणाला.

१ जून, गुरुवार

काय वाचतात ही माणसं! आज एकजण दुष्काळावरची कादंबरी वाचत होता. म्हातारा, तरुण पोरगी, घोडा विकणारा लबाड, सगळे एकाच गळ्यातून, आणि सोंग एकाचंही नाही. नुसता श्वास कुठे घ्यायचा एवढं बदलतो. पुलाखालून गेले की आवाज क्षणभर तुटतो, तेव्हा मी पुढचा शब्द स्वतः म्हणून बघते. दोनदा बरोबर आला. हसू आलं.

कुणीतरी वर आकाशात यंत्र टांगलं, ते माझ्यासारख्या आठवी सोडलेल्या बाईला वायोमिंगच्या माळावर कादंबरी वाचून दाखवतं. या गोष्टीचं कौतुक मला रोज नव्याने वाटतं, आणि लाज वाटत नाही.

गाडीत मात्र आता मी बोलत नाही. ऐकते.

६ जून, मंगळवार

घरी पोचते तोच फोन. सासूबाई.

"व्हर्ना? अ‍ॅग्नेस बोलतेय." जणू मी ओळखणार नाही. "माझा रेडिओ बिघडलाय. सांगायला नको वाटत होतं, पण डेल्मरने खिडकीत बसवलेला आहे, मला काढता येत नाही. इतके दिवस झाले, सामना नाही."

मी खुर्चीवर बसले. दुसरा रेडिओ! त्याने आईलाही दिला होता, आपल्याच खात्यावर, आणि मला सांगितलं नव्हतं. आमच्या दोघींमध्ये तिसरं काही बोलायला नको म्हणून नसेल सांगितलं.

"बिघडला नाही," मी म्हटलं. "मी बंद केला. मला माहीत नव्हतं."

त्या म्हणाल्या, "बरं. मला वाटलं मलाच ऐकू येईनासं झालं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ जून, रविवार

विल्बर. फोन करून त्यांचा रेडिओ माझ्या नावाने पुन्हा चालू करून घेतला. एक कंपनी त्यांच्या स्वयंपाकघरात, एक माझ्या गाडीत. ट्वायलाला सांगितलं तर म्हणेल, झाले ना दोन नवरे.

चालू व्हायला वेळ लागतो, डबा सुरू ठेवून वाट बघत बसायचं. आम्ही दोघी ओट्याशी बसून त्या डब्याकडे बघत राहिलो. दक्षिणेच्या खिडकीत अँटेना, भोवती डेल्मरने चिकटपट्टी किती गुंडाळलीय, धान्याचं पोतं बांधल्यासारखी. "हात त्याचे बापावर गेले," सासूबाई म्हणाल्या. "एक काम धड नाही, पण निघत मात्र नाही."

मग एकदम आवाज. सामना. सासूबाईंनी एप्रन सारखा केला, पाहुणे आल्यासारखा.

"हे काय झालं आत्ता?" मी विचारलं.

"तीस वर्षं त्याच्याशी संसार केलास आणि हे माहीत नाही?"

"नाही."

"बस मग. सांगते."

आणि सांगितलं की. चेंडूगणिक. कॅन्सस सिटीचे खेळाडू कसे हरतात याचा इतका बारीक अभ्यास मी कुणाचा पाहिला नाही. ज्या पोराकडून झेल सुटला त्याची आजी आजारी असते हेही त्यांना ठाऊक. हरणाऱ्यांवर एवढी माया करायची म्हणजे ताकद लागते. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

१२ जून, सोमवार

काल सगळं लिहिलं नाही. लिहवेना.

निघताना सासूबाई गाडीपर्यंत आल्या, कोलाच्यांचा डबा घेऊन. म्हणाल्या, "प्रत्येक सामन्याला तो मला फोन करायचा, शेवटच्या डावात. त्या रविवारीही केला."

मला दार सोडवेना.

"हळू आवाजात बोलत होता. मलाच विचारलं, आई, आत्ता काय झालं? मी म्हटलं, अरे, तुझ्याकडे रेडिओ नाही का? तर म्हणतो, आहे, पण व्हर्ना बोलतेय, तिचं ऐकतोय. म्हटलं, मग उत्तर दे ना तिला. तर म्हणतो, उत्तर दिलं की ती गप्प होते. झोपल्याचं सोंग करून पडलोय."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"ते माझं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे बाकी सगळं होतं."

आज शायेनपर्यंत डबा लावला नाही. बोलत गेले.