कॅमेऱ्याची गाडी आणि माझा आवाज

ती. लालासाहेब दाजी यांस,
खंडाळ्याहून नानासोचा साष्टांग नमस्कार.

मंगलआक्काला मिरजेचे गुडघ्याचे ऑपरेशन मानवले का? इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे. मी आयुष्यभर पद्धतींविरुद्ध बोललो, म्हणून सरळ लिहितो : क्षेम नाही.

तुमचा इंद्रजित सिनेमाच्या कॅमेऱ्याची गाडी घेऊन आमच्या गावी आला आहे. (हे शूटिंग नीट पार पडले तर कंपनी त्याला कायम करणार, हे तुम्हीच मला कळवले होते.) गाडीच्या टपावर एक लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला कॅमेरा. आत चौघे. इंद्रजित गाडी चालवतो, एकजण तो हात फिरवतो, एकजण कॅमेरा, आणि विश्वजित नावाचा शांत माणूस "चल" आणि "थांब" एवढेच बोलतो. बाकीच्यांनी फक्त त्याचेच ऐकायचे. दाजी, शेजारून हिरो मोटारसायकलवर सुसाट जात असतो आणि ही चार माणसे एका शब्दावर एकत्र हलतात! संघटनेवर मी तीस वर्षे भाषणे केली, ग्रंथालये पालथी घातली. आणि मी काढलेले प्रत्येक मंडळ फलकावर कोणाचे नाव वर, यावरून फुटले. त्या चौघांना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला अंधारून आले.

पुढचे ऐका. शॉट संपला, गाडी मागे घ्यायची होती. आता आपल्या मुलखात कोणतीही गाडी मागे येऊ लागली, की रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो. (हे नागरिकाचे कर्तव्य आहे. मी त्यावर व्याख्यान दिले आहे.) मीही म्हणालो. विश्वजित "थांब" म्हणाला होता. पण इंद्रजितने लहानपणापासून उसाच्या ट्रॉल्या अशाच हाकेवर मागे घेतलेल्या, आणि माझा आवाज लाउडस्पीकरचा मिंधा नाही. मागचे चाक पाटात गेले. लोखंडी हात फिरवणाऱ्याने तो झटक्यात वर उचलला, म्हणून कॅमेरा वाचला.

आता एकमेकांवर ढकलाढकली होणार, म्हणून मी मध्यस्थीला पुढे झालो. तर विश्वजित म्हणाला, चूक माझी, खिडकीची काच लावून घ्यायला हवी होती. दुसरा म्हणाला, मागे मी बघायला हवे होते. चौघांनी ती चूक भाकरीसारखी वाटून घेतली. माझे नाव कोणी घेतलेच नाही. इंद्रजित तेवढा कानाशी येऊन म्हणाला, "आवं मामा, तुमी कशापायी वरडलासा?"

ते मला फार लागले. म्हणून दुसऱ्या दिवशी गर्दी गप्प ठेवण्याचे काम मी मागून घेतले आणि लोकांना मौनाचे महत्त्व समजावू लागलो. सूर्य मावळला तेव्हा मी प्रस्तावनेत होतो. शॉट राहिला.

आपला खिन्न मेहुणा,
नानासो

ता. क. : इंद्रजितची काळजी नसावी. तो नसेल तर आम्हीही नाही, असे बाकी तिघांनी कंपनीला सांगितले आहे. फक्त शूटिंग संपेपर्यंत मी गावात नसावे, अशी चौघांची अट आहे. माझ्यावरून एकमत झालेले मी प्रथमच पाहिले. उद्याच्या एस.टी.ने कडेगावला तुमच्याकडे मुक्कामाला येतो.

ता. क. दुसरा : स्टँडवर घ्यायला या. तेव्हा एखादी एस.टी. मागे येत असेल, तर आधी माझ्या तोंडावर हात ठेवा. नमस्कार मागाहून करू.