नववे पाद्री

ती. सॉल्वेग मावशीस,

तुझ्या भाच्याचा, म्हणजे सध्या चर्चला मागच्या दाराने जाणाऱ्या अर्व्हिडचा, नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. इकडे मिनेसोटात तळं अजून गोठलेलंच आहे आणि माझं पाट्यांचं दुकान ठीक चाललंय (म्हणजे शनिवारपर्यंत ठीक चाललं होतं).

आपल्या चर्चची शंभरी आली. पंच्याहत्तरीला तू कॉम्प्युटरवर केलेलं चित्रच पुन्हा मोठं करून लावायचं, असं समितीने ठरवलं. पुढे चर्च, आणि मागे धुक्यातून डोकावणारे आठ पाद्री. ते धुकं म्हणजे तू एकेकाला दिलेली पारदर्शकता. पण माझं व्हिनाइल कापायचं यंत्र अर्धवट दिसणारं काही जाणत नाही. वस्तू आहे किंवा नाही, एवढंच त्याला कळतं (या बाबतीत ते कर्स्टन आजीवर गेलंय). म्हणून मी चित्रातलं सगळं एकदम निवडलं, पारदर्शकता काढून टाकली आणि कॉफी प्यायला गेलो.

यंत्राने मिशा वेगळ्या, चष्मे वेगळे, कॉलर वेगळ्या कापून दिल्या. मी त्या बारा फुटी फळीवर चिकटवत गेलो. पाद्री मोजत कोण बसतं? रविवारी समितीचा अध्यक्ष म्हणून डेल्मारने पडदा ओढला, तर नऊ. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठे, हसतमुख पाद्री क्विस्ट. पंच्याहत्तरीला पंधरा दिवस उरले असताना डेल्मारच्याच बायकोला घेऊन कॅनडाला गेले, ते. तू त्यांना खोडलंच नव्हतंस मावशी, पूर्ण पारदर्शक करून जागच्या जागी ठेवलं होतंस.

शंभर माना डेल्मारकडे वळल्या. मी म्हटलं, "डेल्मारकाका, शिडी आणतो."

"थांब," तो म्हणाला. "दात एवढे सरळ नव्हते त्याचे." मग बराच वेळ बघून, "असा माणूस चित्रातून काढायला किती वेळ लागतो रे?"

"एक बटण दाबायचं."

"मग तुझ्या मावशीला दहा दिवस का लागले? रोज म्हणायची, आज दहा टक्के पुसट झालाय, उद्या ये. मी रोज जायचो. रोज जेवायला बसवायची. मला वाटलं, कॉम्प्युटरचं काम किचकट असतं."

चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला मात्र घरी गेल्यावर बायकोने समजावून सांगितलं तेव्हा कळलं. (क्विस्ट यांच्यावर सध्या टेबलक्लॉथ टाकलाय.)

तुझा,
अर्व्हिड

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. डेल्मार तुझा फोन नंबर मागतोय. देऊ का? तुझी इच्छा नसेल तर स्पष्ट कळव, मी काहीतरी सांगेन.

ता. क. २. कळवायची तसदी घेऊ नकोस. फोनवर आपल्याला बोलता येत नाही म्हणाला, म्हणून मी पत्ता दिला. आज सकाळी तो गाडी घेऊन निघालाय. बेल वाजली तर लगेच दार उघड. तो दुसऱ्यांदा वाजवणाऱ्यांतला नाही.