वहिनीच्या नावाचं लेबल

१७ नोव्हेंबर, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या ताईच्या फोनवरून कळलं. इकडे सगळं ठीक. म्हणजे आईचं आहे तसंच. उजवा हात उचलत नाही, बोलणं तर नाहीच. तू गेल्यापासून मीच इथे मुक्कामाला आहे. माझ्या हातचे चार घास खाऊन आई तोंड फिरवते, त्यावरून चवीचं काय ते समज.

तुझ्या लेबलचा नमुना विणून आला. अर्ध्या बोटाच्या पट्टीत चारही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. शाईसारखा निळा पाया, राखाडी अक्षरं आणि शेवटच्या वेलांटीला तेवढा विटकरी. शिरोरेषा आपण टाक्यांसारखी तुटक ठेवली होती, ती विणताना मिटेल अशी मला धास्ती होती. नाही मिटली.

तुला वाटेल, हे पत्र दादानेच लिहवून घेतलंय. तसं नाही. पण संशय घ्यायचा तुला पुरता हक्क आहे.

त्याच्या कानावर कुणीतरी नको ते घातलं आणि घर विस्कटलं. कुणीतरी. हा शब्द मी तीनदा खोडला, तीनदा परत लिहिला. वहिनी, ते कुणीतरी म्हणजे मी.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती पहिल्याच दिवशी. तू माझ्या कामाच्या खोलीत आलीस, दार लोटलंस आणि म्हणालीस, “माझ्या नावाचा लोगो करून दे. नुसतं नाव, आडनाव नको. आणि घरी इतक्यात बोलू नकोस.” अकरा वर्षं दादाच्या दुकानात कपडे बेतलेस, शिवलेस, प्रत्येक कॉलरला आमच्या आडनावाचं लेबल लावलंस. आता एकाएकी आडनाव नको? मी हसून हो म्हटलं, आणि जाताना तुझ्या पिशवीत काय आहे ते डोळ्यांनी चाचपून घेतलं.

मग तू माझी रेखाटनं घरी नेलीस. परत आणलीस तेव्हा कडेला पेन्सिलीचे शेरे होते. तुझं अक्षर मला ठाऊक आहे. हे डावीकडे कललेलं, वेडंवाकडं, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. ‘वेलांटी सैल कर. नाव लाजतंय.’ पुढच्या खेपेला रंगांच्या कागदावर, ‘गुलाबी तिला शोभत नाही.’ तिला! आणि त्यापुढच्या खेपेला, ‘ती हसते तसं हवं.’ तूच सांग, परक्या माणसाचं बाईच्या हसण्याकडे इतकं लक्ष कशाला असेल?

“हे कोण लिहितं गं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आहे एक जण. माझ्यापेक्षा त्या माणसालाच घाई झालीय,” असं म्हणून तू हसलीस.

अक्षरावरून माणूस ओळखते, हा माझा तोरा. मी ठरवून मोकळी झाले. पुरुष आहे, हट्टी आहे, उतावळा आहे.

एका मंगळवारी दुपारी मी तुझ्या मागोमाग आले. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या जिन्याने तू वर गेलीस. घड्याळवाल्याने दार उघडून दिलं. समोरच्या फुटपाथवरून मला तुम्ही दोघं खिडकीशी दिसलात, तू हात पसरून काहीतरी मोजत होतीस. खाली आलीस तेव्हा किल्ली तुझ्या मुठीत होती. एवढंच पाहिलं मी. बाकीचं पदरचं घातलं. घरी पोचायच्या आत दादाला फोन केला, “तुझ्या बायकोने खोली घेतलीय. आणि ती एकटीसाठी घेतली नसावी.”

दादाने तुला जेवताना विचारलं, कसं विचारलं, ते त्याच्याच तोंडून ऐकलं. तू आईकडे पाहिलंस, ताट सरकवलंस आणि उठलीस. आई टेबलावर हात आपटत होती म्हणे. “मला वाटलं तिला त्रास होतोय,” दादा म्हणाला. “मी गोळी दिली.”

परवा आई सारखी डाव्या हाताने उशी चाचपत होती. उशीखाली वही निघाली आणि पेन्सिलीचा तुकडा. मी पेन्सिल हातात दिली. तिने दाबून, कलतं लिहिलं, ‘ती कुठे?’

वहिनी, शेऱ्यांचं अक्षर हेच.

मग तिने अख्खं पान लिहून भरलं. स्वतःच्या शिवणकामासाठी खोली बघ असं तिनेच तुला सांगितलं होतं. दादा नाही म्हणेल, तेव्हा लेबल हातात येईपर्यंत गप्प राहा, हेही तिचंच. शेवटी लिहिलं, ‘मीपण शिवायचे. नाव कुठेच नव्हतं.’

आईला बोलता येत नाही म्हणजे तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं आम्ही दोघं भावंडं दोन वर्षं धरून चाललो. मी अक्षरांवर पोट भरते, आणि माझ्या आईच्या डाव्या हातात पेन्सिल द्यावी हे मला सुचलं नाही. ते तुला सुचलं. तू गप्प राहून तिचा शब्द पाळलास आणि माझ्या घाणेरड्या मनाचा डाग स्वतःवर घेऊन गेलीस.

काल दादाला सगळं सांगितलं. त्याने वही वाचली. मग म्हणाला, “मला आधी का नाही सांगितलं तिने?”

“सांगितलं असतं तर?”

“नाहीच म्हटलं असतं,” तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते.

आज सकाळी तो तुझं शिलाई मशीन घेऊन त्या जिन्याखाली उभा राहिला. घड्याळवाल्याने, ज्याच्यावर मी नाही नाही ते रचलं त्याच म्हाताऱ्याने, दुसरी बाजू धरली. धापा टाकत दोघांनी ते वर नेलं. दादा लगेच तुला आणायला निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, ती बोलावेल तेव्हा जा, आणि नाही बोलावलं तर तेही ऐकून घे.

लेबल विणणारा विचारतोय, पुढचं काम धरू का. मी हो म्हटलेलं नाही. त्याचा नंबर पाठीमागे लिहिलाय. सगळी रेखाटनं सोबत पाठवतेय, आईच्या शेऱ्यांसकट. माझ्या हातचं नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घे, मी ब्रही काढणार नाही. पण नाव लाव. आईसाठी नको, आमच्यासाठी तर नकोच.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल, आणि देत राहण्याची तुला सवय आहे.

तू विश्वासाने आपलं नाव जिच्या हाती दिलंस, ती,
तुझी नणंद