न मिटणारा चाकू

आप्पा, मी चाकू घेतला. मला नाही, नातीला. पण निवडला मी, आणि दुकानदाराचं तोंड बंद करून निवडला, म्हणून तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि मी तिसरीत शाळा सोडली ती मेंढरांमागं जायचं म्हणूनच, तेव्हा लिहिणारी कोण आणि वाचणारं कोण असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नातीनं अर्धी कोरी वही दिलीय, पेन चांगलं चालतंय आणि ज्वारी पाखडून झालीय.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची लेक. तुम्ही तिला पाहिली नाहीत. कंपनीत मशीनवर इंजिनेर आहे, सकाळी बसनं जाते, संध्याकाळी डबा वाजवत येते. तिच्या डोक्यात आलं की घाटाकडच्या जंगलात चार दिवस राहायला जायचं. घर नाही, लाइट नाही, ताडपत्रीचा आडोसा आपण करायचा, लाकडं आपण फोडायची, चूल आपण मांडायची. तिथं शिकवणारी माणसं असतात म्हणे. मी म्हटलं, "अगं, घरदार असून उघड्यावर निजायला शिकवत्यात?" तर म्हणाली, "आजी, त्याला बुशक्राफ्ट म्हणतात." मी म्हटलं, "आमच्या टायमाला त्याला बिऱ्हाड म्हणायचे." तेव्हापासून ती कंपनीत सगळ्यांना हेच सांगत सुटलीय.

तिला यादी दिली होती. दोरी, बॅटरी, पातेलं असलं सगळं तिनं मोबाइलवर बघून मागवलं. चाकूपाशी अडली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, तू मेंढरांमागं होतीस ना, तू निवड." आप्पा, या घरात आल्यापासून मला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. लुगडं सासूनं निवडलं, आता साड्या सुना निवडतात, चष्म्याची काडीसुद्धा डॉक्टरानं निवडली. मी लगेच पदर खोचला. म्हटलं, मोबाइलवर चाकू निवडत नसत्यात, हातात धरून बघायचा असतो. चल दुकानात.

कोरेगावच्या अलीकडं हायवेला एक दुकान आहे, डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं. नातीच्या गाडीवर मागं बसून गेले, डोक्याला तिची ओढणी बांधून. दुकानदार चांगला मिशीवाला, चाळिशीचा. मला बघून म्हणाला, "आजी, भाजीला पायजे का? पुढं भांड्याच्या दुकानात मिळंल."

मी म्हटलं, "भाजी मी इळीवर चिरते. मला जंगलाला पायजे."

मग त्यानं पहिला काढला तो असा पैलवान, कोपरापर्यंत लांब. पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाला दिशा दाखवायचं घड्याळ. "सिनेमावाला पीस हाय आजी. सगळी पोरं ह्योच मागत्यात." मी बुडाचं टोपण फिरवलं तर निघालं. मूठ पोकळ. आत काड्या, सुई, दोरा, मासे धरायचा गळ. मी म्हटलं, "पावणं, मुठीत समदा संसार भरलाय, मग पातं कशात बसलंय?"

तो म्हणाला, "बसलं असंल की बोटभर."

"बोटभर बसलेलं पातं बाभळीच्या खोडात ठोकलं तर जातंय कुठं?"

"कुठं?"

"तुमच्या पायावर. आन् ठोकू म्हनलं तर ठोकायचं कशावर? पाठीला तर दात. लाकडाचा दणका पाठीवर बसला की दातांनी लाकूडच खायचं." नात तोंडावर हात धरून हसत होती. दुकानदारानं तो पैलवान गुमान कपाटात ठेवला आणि मला स्टूल दिलं.

तोवर नातीच्या हातात दुसरा आला होता. घडीचा. शिसवी लाकडाची मूठ, कडेला पितळेची पट्टी, अंगठा लावला की टक्कन उघडतो, टक्कन मिटतो. खिशात मावतो. तिनं चार वेळा उघडमीट केली आणि तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, पोरीचा जीव बसला. खोटं कशाला सांगू, देखणा होता. पण तो टक् आवाज ऐकला आणि मी स्टूल मागं सरकवलं, आप्पा. तुम्हाला कळलं असेल कशानं.

घोडनदीचा बाजार. मी दहा-अकरा वर्षांची. तुम्ही मीठ आणि दोर घ्यायला आलाय आणि मी एका गोणपाटावर मांडलेल्या चाकूंपुढं उभी आहे. शिंपल्याची मूठ असलेला, घडीचा, उन्हात निळा-गुलाबी दिसणारा. तुम्ही दोनदा हाक मारता. मी हलत नाही. तुम्ही येऊन तो चाकू उचलता, उघडता, मिटता आणि म्हणता, "ह्यो खेळ हाय, हत्यार न्हाई." मी तिथंच रस्त्यात बसकण मारते. बाजारातली माणसं बघायला लागतात. शेवटी तुम्ही घेताच, आणि तुमची जुनी टोक मोडलेली सुरी त्याच माणसाला देऊन टाकता. वाटेनं मी सारखी म्हणते, आप्पा, मी धरते, मी धरते. तुम्ही धरायला देता. परत देताना मी पात्याकडनं तुमच्या हातात देते, तर तुम्ही असे ओरडता की आपलं ओझ्याचं घोडंसुद्धा बुजतं. "धारंची चीज हातात द्यायची न्हाई. खाली ठेवायची, ज्याला पायजे त्यो उचलंल. हात काय बाजारात मिळत्यात व्हय?" मी अजून कोयता, इळी, कात्री, काहीही असो, खाली ठेवते. सुनांना वाटतं म्हातारीचं खूळ.

आणि मग दौंडच्या माळावरची ती सकाळ. दिवाळी होऊन गेलेली, गवत पिवळं पडलेलं. मेंढरं कोंडायच्या जाळीत एका कोकराची मान अडकलीय. ते धडपडतंय तसा दोर आवळतोय, डोळे पांढरे झालेत. तिथं तुम्ही आणि मी, दोघंच. तुम्ही शिंपल्याचा चाकू काढता, टोक दोराखाली घालता आणि वर उचकटता. पात्याच्या पाठीवर जोर येतो. पातं मिटतं. दोर तुटला आणि तुमच्या अंगठ्याशेजारचं बोट वरच्या पेरातून गेलं, दोन्ही एकाच दमात. कोकरू उड्या मारत आईकडं पळालं. आई चुलीपासनं धावत आली तेव्हा तुम्ही बोट पटक्याच्या शेमल्यात गुंडाळून बसला होतात, आणि म्हणालात, "लांडगं आलं व्हतं. कोकराला धरलं व्हतं. म्या हात घातला."

त्या दिवसापासनं आपल्या घराण्यात लांडगा आहे. भाऊ सांगायचा, माझी पोरं सांगतात, आता नात सांगते: आमच्या पणजोबांनी लांडग्याच्या तोंडातनं कोकरू ओढलं, बोट दिलं पण कोकरू दिलं नाही. लांडगा दर पिढीला थोडा मोठा होतोय. आईनं रात्री हळद बदलताना जखम पाहिली होती. सरळ कापलेली. लांडगा तिनं तसाच राहू दिला. पण मेंढरं भादरायच्या वेळी सगळे बघायचेच. तुमच्यासारखा हलका हात साऱ्या तळावर नव्हता, कातर चालायची तशी लोकर अख्खी उतरायची, आणि आता कातर सारखी निसटायची. तुम्ही डाव्या हातानं शिकलात. चांगलं शिकलात, पण पहिल्यासारखं नाही.

चाकू तुम्ही भीमेच्या डोहात फेकला आणि मला घेऊन लोहाराकडं गेलात. रस्त्याकडेला पाल टाकलेलं, भात्यावर म्हातारा आणि घण मारायला त्याची सून, पाठीला लेकरू बांधून. तिचा घण बघत मी तासभर उभी होते, तसला नेम मी पुन्हा पाहिला नाही. सुरीला लोखंड म्हणजे ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा. तुम्ही सांगत होतात आणि ती ऐकत होती. पातं वितीपेक्षा आखूड, लांब पातं नाचतं. पाठ जाड, ठोकायला. लोखंड मुठीच्या बुडापर्यंत एकच, मधे कुठं सांधा नाही. "हत्याराला जिथं सांधा, तिथं धोका." आणि मूठ करायच्या वेळी तुम्ही माझा हात धरून तिच्यापुढं केलात. "माप हिच्या मुठीचं घ्या. आता हीच कापनार." म्हातारा हसला, पोरीच्या मापाची सुरी कुठं असती व्हय. तुम्ही हसला नाहीत. पुढं सहा वर्षं, माझं लगीन होईपर्यंत, दोर, खुंट्या, खुराची नखं, सगळं मी कापलं, तुम्ही शेजारी बसून सांगितलंत. ती सुरी नंतर भावाकडं गेली आणि झिजून झिजून बोरूएवढी झाली, पण मोडली नाही.

तर दुकानात. मी नातीला म्हटलं, "मिटतो त्यो नगं."

"आजी, लॉक आहे याला. हे बघ, दाबल्याशिवाय मिटतच नाही."

दुकानदार पण म्हणाला, "लॉक पक्का हाय आजी. गॅरंटी."

"लॉक पक्का हाय का ढिला, ते बाहेरनं दिसत न्हाई. दिसतं तवा येळ गेलेली असती."

"तुला काय माहीत पण?" ती जरा फुरंगटूनच बोलली. तिचं तोंड बघितलं तर मीच घोडनदीच्या बाजारात बसकण मारलेली. आता ती रस्त्यात बसायची तेवढी राहिली होती. चार दिवस जंगलात, मी तिथं नसणार, आणि हा टक्कन मिटणारा तिच्या बोटांपाशी. मग मी म्हटलं, "लांडगा नव्हताच."

"काय?"

"तुझ्या पणजोबाचं बोट लांडग्यानं न्हाई खाल्लं. असल्याच घडीच्या चाकूनं गेलं. मी समोर व्हते."

ती म्हणाली, "मी सगळ्यांना लांडगा सांगितलाय, आजी." मला वाईट वाटलं, घराण्यातला एवढा मोठा लांडगा मी स्टुलावर बसल्या बसल्या मारला. पण तिनं तो घडीचा चाकू मिटवला, आणि हातात न देता काउंटरवर ठेवला.

मग मिशीवाल्यानं खालच्या खणातनं एक काढला. दिसायला गरीब. हिरवट रबराची मूठ, ना पट्टी ना चमक. "हा फिक्स ब्लेड, मिटत न्हाई. कोन मागत न्हाई, पन शिकवनारी लोकं ह्योच नेत्यात." मला द्यायला लागला, मी म्हटलं खाली ठेवा. ठेवला. उचलला. पातं नातीच्या पंज्याएवढं. पाठ जाड, काटकोनात सपाट. मुठीच्या बुडाला लोखंड बाहेर डोकावतंय, म्हणजे आरपार. मग मी डोक्याचं खोबरेल तळहाताला चोळलं आणि नातीच्या हाताला लावलं. दुकानदार म्हणाला, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "जंगलात काम हात पुसायची वाट बघत न्हाई." तेलकट हातानं तिनं आवळला, मी बुडाला धरून ओढला, निसटला नाही. म्यानात घालून उलटा धरून झटकला, पडला नाही. दुकानदारानं मला विचारलं, आठवड्यातनं एक दिवस येऊन बसाल का. नात म्हणाली, "परवडणार नाही तुम्हाला."

ती परवा आली. अंगाला धुराचा वास, पायाला काटे, चेहरा असा की जणू माळावरनं आलीय. ओलं लाकूड मधोमध फोडून आतलं कोरडं काढलं, त्याची पिसांसारखी पातळ सालं सोलली आणि एका काडीत चूल पेटली म्हणाली. एकाचा तो संसार भरलेला चाकू दुसऱ्याच दिवशी मुठीतनं निखळला, तर सगळे हिचा मागत होते, आणि ही प्रत्येकाला सांगत होती, हातात देणार नाही, खाली ठेवते. मला दाखवायलाही तिनं तो जमिनीवर ठेवला आणि मी उचलायची वाट बघत बसली. धार जरा गेली होती. मी लावून दिली.

मग तिनं विचारलं, "आजी, पण पणजोबांनी लांडगा का सांगितला?"

मी म्हटलं, "गडीमाणूस. सोताच्या चाकूनं बोट गेलं म्हनायची लाज वाटली असंल." ती हसली, तिला पटलं.

आप्पा, हे मी खोटं बोलले. बोट गेलं त्याच्या आदल्या दिवशी गोडेतेलाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं, ते मी त्या शिंपल्याच्या चाकूनं उचकटलं होतं. त्याचा खिळा ढिला झाला, पातं लुळं पडलं. मी दगडानं ठोकलं, जरा बसल्यासारखं झालं, आणि न बोलता तुमच्या पटक्याशेजारी ठेवून दिलं. बोटाचं रक्त वाहत होतं आणि तुम्ही दुसऱ्या हातानं ते पातं हलवून पाहिलंत. मग माझ्याकडं पाहिलंत. मग आईला हाक मारलीत. तुम्हाला कसली लाज. तो लांडगा तुम्ही माझ्यासाठी उभा केला होता, आणि साठ वर्षांनी मी पुन्हा तुमच्याच मागं लपले.

ही पानं मी वहीतनं फाडून ज्वारीच्या डब्यात तळाला ठेवणार आहे, नात तिथं कधी हात घालत नाही. तिला खरं सांगावं असं दोन दिवस मनात येतंय. पण चाकूतलं कुणाला कळतं तर माझ्या आजीला, असं ती कंपनीभर सांगत फिरतेय, आणि मला ते ऐकायला फार आवडायला लागलंय.